अनियमित विद्युत् दोष-निदान (जुनी फोर बाय फोर वाहने)

जुन्या फोर बाय फोर वाहनाचे एंजिन एखाद्या सकाळी पहिल्याच फटक्यात सुरू होते, तर दुसऱ्या दिवशी चावी फिरवूनही ढिम्म हलत नाही. असा येऊन-जाऊन असणारा दोष हुडकून काढण्याची पद्धती हा या नोंदीचा विषय असून इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नसलेली किंवा अगदी जुजबी असलेली वाहने येथे अभिप्रेत आहेत.

विजेवर चालणाऱ्या सेल्फचे (एंजिन सुरू करून देणाऱ्या मोटरचे) जनकत्व वादग्रस्त आहे. रूढ मत अमेरिकन अभियंते चार्ल्स केटरिंग यांच्या बाजूचे असून त्यांची योजना १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत आली. मात्र क्लाइड कोलमन यांना अमेरिकेत १९०३ मध्येच अशा साधनाचे पेटंट मिळाले होते आणि इंग्लंडमध्ये १८९६ च्या सुमारास एका आर्नल्ड मोटारीला एच. जे. डाउसिंग यांनी विद्युत् आरंभक बसविल्याचे उल्लेख सापडतात. निव्वळ कालक्रमाने केटरिंग पहिले ठरत नाहीत. तरीही मोटर सतत चालायची नसून काही सेकंदच चालायची आहे, तेव्हा ती लहान ठेवून तेवढ्यापुरता तिच्यावर अतिभार टाकता येतो, हे सूत्र त्यांनी व्यवहारात उतरविले. म्हणून त्यांच्याकडे झुकणारे मत अधिक सयुक्तिक वाटते. निदानाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते या सूत्रालाच. लहान मोटर, अल्प काळ आणि प्रचंड प्रवाह या जुळणीत जोडातला किरकोळ रोधही (प्रवाहाला होणारा अडथळाही) महाग पडतो.

ओहमच्या नियमानुसार (१८२७) २०० अँपिअर प्रवाहाच्या वाटेत ०.०१ ओहम रोध आला, तर २ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. इतका सूक्ष्म रोध साध्या मल्टिमीटरने विश्वासार्हपणे मोजता येत नाही. शिवाय केबलचा एकच धागा शाबूत असला, तरी भार नसताना मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवितो. त्यामुळे ‘वीज येते आहे’ एवढ्यावरून वायर निर्दोष ठरविणे ही या कामातील सर्वांत जुनी चूक होय. खरी कसोटी भाराखालच्या दाबपाताची, म्हणजे प्रवाह वाहत असताना वाटेत घटणाऱ्या व्होल्टची. इंधन किंवा ठिणगी बंद करून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, मीटरची एक पिन बॅटरीच्या धन खांबावर (क्लॅम्पवर नव्हे) आणि दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर धरतात व सहकाऱ्याला चावी फिरवायला सांगतात. सुमारे ०.५ व्होल्टपेक्षा अधिक पात संशयास्पद मानतात. अर्थच्या (प्रवाहाच्या परतीच्या) बाजूला, म्हणजे ऋण खांब ते सेल्फचे आवरण या वाटेवर, संशयाला ०.२ व्होल्टच पुरे. मोजणी दोष हजर असतानाच करावी लागते. म्हणून मीटर जोडलेला ठेवून वायरिंग हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवून पाहतात.

आवाजही बोलका असतो. सोलेनॉइडमध्ये (सेल्फला जाणारा मोठा प्रवाह जोडणाऱ्या चुंबकी स्विचमध्ये) खेचणारे आणि धरून ठेवणारे अशी दोन वेटोळी असतात. बॅटरी अशक्त असेल, तर संपर्क जुळताच दाब कोसळतो, धरणारे वेटोळे सुटते आणि पुन्हा खेचले जाते. सलग टकटक येते ती यामुळे. एकच ठोका येऊन पुढे शांतता असेल, तर सोलेनॉइडमधील तांब्याचे संपर्क जळालेले असण्याची शक्यता मोठी. हे संपर्क दर वेळी सारखे टेकत नाहीत, म्हणून दहाव्या प्रयत्नाला गाडी सुरूही होते. आवाजच नसेल, तर चावीचा स्विच, रिले व तिथून सोलेनॉइडकडे जाणारी बारीक वायर तपासतात. चावी फिरवताना हेडलाइट अगदी मंदावले, तर प्रवाह वाहतो आहे. तसेच राहिले, तर वाट कुठेतरी तुटली आहे.

या वर्गातील वाहनांत अर्थचा प्रश्न विशेष चिघळतो. एंजिन रबरी माउंटिंगवर असल्याने ते व चासी यांच्यातील अर्थ पट्टी हाच एकमेव भरवशाचा दुवा. ती तुटली की प्रवाह क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापते. १९४८ मध्ये सादर झालेल्या लँड रोव्हरचे पत्रे ॲल्युमिनियम मिश्रधातूचे आणि चासी पोलादाची. ओलाव्यात या दोन धातूंच्या सांध्यावर गंज धरतो व दिवे, इंडिकेटर एकमेकांत मिसळल्यासारखे वागू लागतात. याच वाहनाच्या आरंभीच्या आवृत्त्यांत धन टोक अर्थला जोडलेले असे. ही प्रथा का पडली, याबद्दल कुणी गंज, तर कुणी स्पार्क प्लगची झीज हे कारण पुढे करतात. दोन्ही स्पष्टीकरणे मागाहून जोडलेली वाटतात. निदानापूर्वी ध्रुवता (अर्थला धन टोक जोडले आहे की ऋण) पाहून घ्यावी, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड जातात. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपची यंत्रणा तर ६ व्होल्टची होती; तीच शक्ती मिळवायला प्रवाह दुप्पट लागत असल्याने तेथे जोडांची सफाई अधिकच कडक लागते.

तापलेल्या एंजिनावरच दोष दिसत असेल, तर तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो, हे ध्यानात घ्यावे. नदी-ओढा ओलांडल्यानंतरचे दोष कनेक्टरमध्ये शिरलेल्या पाण्याने उद्‌भवतात आणि पुष्कळदा आठवड्यांनी उघड होतात.

रात्रभरात बॅटरी उतरणे हा निराळा दोष. सर्व काही बंद असताना ऋण केबलच्या मालिकेत अँपिअरमीटर जोडून एकेक फ्यूज काढत जातात. घड्याळ-रेडिओ वगळता प्रवाह ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. डीझेल वाहनांत ग्लो प्लग (थंड एंजिन सुरू करण्यापूर्वी ज्वलनकक्ष तापविणारे) व इंधन तोडणारा सोलेनॉइड यांची तपासणी स्वतंत्रपणे करतात.