१.१५९ ने गुणा

जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ-प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली. आपल्याकडे या निकालाचा अर्थ ‘अमेरिकेतलं आरक्षण संपलं’ असा लावून लोक मोकळे होतात. जागा राखून ठेवण्याची पद्धत तिथे १९७८ मध्येच बाद झाली होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात १०० पैकी १६ जागा बाजूला काढलेल्या असत. ॲलन बाकी हा गोरा उमेदवार कोर्टात गेला आणि कोटा रद्द झाला. उमेदवार निवडताना इतर गोष्टींबरोबर वंशही विचारात घ्यायची मुभा तेवढी उरली. २०२३ मध्ये गेली ती ही मुभा.

प्रवेशाची भांडणं बातमीत येतात. त्याच महाविद्यालयांत वर्गात काय शिकवायचं यावर जे भांडण झालं, त्याची बातमी फारशी होत नाही. विज्ञानाची खरी गंमत मात्र तिथे आहे, आणि ती एका आकड्यात पकडता येते: १.१५९. किडनी किती चालते हे सांगणाऱ्या सूत्रात, रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला या आकड्याने गुणायचं, असं डॉक्टर होणाऱ्या मुलांना शिकवलं जायचं. का गुणायचं, हे विचारण्याची मात्र पद्धत नव्हती.

आधी किडनीकडे येऊ. दोन्ही किडन्यांत मिळून साधारण २० लाख गाळण्या असतात. निरोगी तरुण माणसात त्या मिनिटाला सुमारे १२० मिलिलिटर द्रव रक्तातून गाळतात. दिवसाचा हिशेब केला तर १७० लिटरच्या वर जातो. त्यातला ९९ टक्के परत शोषला जातो आणि दीड-दोन लिटर लघवी उरते. गाळण्याच्या या वेगाला जीएफआर म्हणतात. तो थेट मोजायचा तर आयोथॅलामेटसारखा पदार्थ टोचायचा, मग काही तास रक्ताचे आणि लघवीचे नमुने घेत बसायचं. प्रत्येकाला हे कोण करणार? म्हणून शरीरात आपसूक तयार होणारा पदार्थ वापरतात, क्रिएटिनिन.

स्नायूंमध्ये झटपट ऊर्जेसाठी क्रिएटिनचा साठा असतो. त्यातला १ ते २ टक्के भाग रोज, कुठल्याही एन्झाइमशिवाय, क्रिएटिनिन होऊन रक्तात उतरतो. किडनी तो गाळून टाकते. गच्चीवरच्या टाकीसारखं हे आहे. वरून नळ एकाच वेगाने चालू आहे आणि खाली भोक आहे. भोकातून पाणी किती वेगाने जाईल हे टाकीतल्या पातळीवर ठरतं. भोक अर्धं बुजलं की पातळी दुप्पट चढेपर्यंत चढत राहते, मग पुन्हा जितकं येतं तितकं जातं. म्हणजे जीएफआर निम्मा झाला की क्रिएटिनिन दुप्पट. ज्याचं क्रिएटिनिन मुळात ०.८ होतं, त्याचा जीएफआर १२० वरून ८० वर आला तरी रिपोर्टमध्ये १.२ दिसतं. बहुतेक लॅबच्या छापील मर्यादेत हे ‘नॉर्मल’. एक तृतीयांश किडनी गेली आणि कागदावर ठळक अक्षरं उमटलीच नाहीत. नुसतं क्रिएटिनिन न बघता सूत्र लावायचं ते यासाठी.

घोटाळा नळाचा आहे. तो प्रत्येकाच्या घरी वेगळ्या वेगाने वाहतो. पैलवानाचे स्नायू जास्त, अंथरुणाला खिळलेल्या आजींचे कमी. शिजवलेल्या मटणातलं क्रिएटिन शिजतानाच क्रिएटिनिन होतं, त्यामुळे आदल्या रात्री मटणावर ताव मारला तर सकाळचा आकडा फुगतो. जिममध्ये क्रिएटिनची पावडर घेणाऱ्यांचाही फुगतो. थोडं क्रिएटिनिन गाळणीतून न जाता नलिकेच्या भिंतीतून बाहेर टाकलं जातं. ट्रायमेथोप्रिमसारखं औषध ती वाट अडवतं. किडनीला काहीही न होता आकडा चढतो. तपासणीची जाफे पद्धत १८८६ सालची, पिक्रिक ॲसिडच्या नारिंगी रंगावर बेतलेली. रक्तातली कीटोनसारखी इतर द्रव्यंही त्या रंगात भर घालतात. एन्झाइमची पद्धत जास्त नेमकी, पण महाग.

इथेच ‘क्रिएटिनिन उतरवणाऱ्या’ काढ्यांचं गुपितही आहे. रुग्णाला मांस, डाळी, दूध बंद करून तीन महिने पाण्यासारखी पेज दिली की स्नायू झडतात, नळ मंदावतो आणि क्रिएटिनिन उतरतं. गाळण्या होत्या तशाच असतात, किंवा अधिक बिघडलेल्या. श्रेय मात्र कोथिंबिरीच्या पाण्याला जातं.

आता सूत्र. रुग्णांच्या एका गटाचा जीएफआर थेट मोजायचा, सोबत क्रिएटिनिन, वय, लिंग नोंदवायचं आणि या नोंदींमधून मोजलेल्या जीएफआरच्या जवळ जाणारं समीकरण संगणकाकडून काढून घ्यायचं. १९९९ मध्ये अमेरिकेत असं एक सूत्र आलं, एमडीआरडी. त्यामागे १,६२८ रुग्ण होते, त्यांतले सुमारे १२ टक्के कृष्णवर्णीय. एकाच क्रिएटिनिनला या गटाचा मोजलेला जीएफआर सरासरीने जास्त निघाला, म्हणून समीकरणात एक गुणक बसवला गेला. सोप्या आवृत्तीत तो १.२१ होता. २००९ च्या सीकेडी-ईपीआय सूत्रात तो १.१५९ झाला. कारण म्हणून सांगितलं गेलं की कृष्णवर्णीयांचे स्नायू सरासरीने जास्त असतात. त्याच्या आधाराला दाखवलेले अभ्यास छोटे आणि कच्चे होते.

समीकरणातल्या गुणकाला ‘का’ कळत नाही. एखादा रकाना भरल्यावर चूक कमी झाली, एवढंच त्याला दिसतं. गावच्या दूध संकलन केंद्रात प्रत्येक कॅनमधून नमुना घेऊन फॅट आणि एसएनएफ काढतात आणि त्यावर दर लावतात. समजा, मशीन बंद पडलं. केंद्रवाल्याने जुनी वही चाळली. वरच्या आळीच्या दुधात सरासरीने फॅट जास्त दिसलं, म्हणून त्याने त्या आळीच्या प्रत्येक कॅनला १.१६ ने गुणायला सुरुवात केली. महिन्याचा एकूण हिशेब जुळेल. पण वरच्या आळीत कुणाकडे मुऱ्हा म्हैस आहे, कुणाकडे होल्स्टीन गाय. गायवाल्याला फुकट पैसे आणि खालच्या आळीतल्या म्हैसवाल्याचं नुकसान. आळी फॅट ठरवत नाही, जनावर आणि चारा ठरवतात. आळी हा फक्त न मोजलेल्या गोष्टींचा बदली रकाना आहे. शिवाय दुधात निदान आळी कुठली यावर वाद नसतो. दवाखान्यात ‘कृष्णवर्णीय: हो/नाही’ हा रकाना कधी रुग्णाने भरलेला असतो, कधी काउंटरवरच्या माणसाने चेहरा बघून. आई गोरी आणि वडील कृष्णवर्णीय असतील तर सूत्रात ‘अर्धा’ असा पर्याय नसतो.

हे हातानेच करून बघा. ५५ वर्षांचा पुरुष, क्रिएटिनिन ३.६. २००९ चं सूत्र म्हणतं: क्रिएटिनिनला ०.९ ने भागा, म्हणजे ४. त्याचा उणे १.२०९ घात घ्या, ०.१८७. त्याला १४१ ने गुणा. मग ०.९९३ चा ५५ वा घात, म्हणजे ०.६८, याने गुणा. उत्तर १७.९. रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर १.१५९ ने गुणा: २०.८.

अमेरिकेत किडनी-प्रत्यारोपणाच्या यादीत प्रतीक्षेचा काळ मोजायला सुरुवात होते ती जीएफआर २० किंवा त्याखाली आल्यावर. रक्त तेच, लॅब तीच. एकाचं घड्याळ चालू झालं, दुसऱ्याला सांगितलं की अजून वेळ आहे.

‘का गुणायचं’ हा प्रश्न मोठ्या प्राध्यापकांच्या परिषदांपेक्षा वर्गातल्या बाकांवरून जास्त जोरात आला. विद्यार्थी विचारू लागले की परीक्षेतल्या प्रत्येक उदाहरणात ‘४५ वर्षांचा आफ्रिकन-अमेरिकन पुरुष’ हे शब्द कशाला लागतात. ते लक्षण आहे, कारण आहे की नुसती खूण? २०१६ चा व्हर्जिनिया विद्यापीठातला अभ्यास त्यांच्या हाताशी होता. त्यात २२२ गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना काही विधानं दिली होती. ‘कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते’ अशा प्रकारच्या खोट्या विधानांपैकी किमान एक साधारण निम्म्यांना खरं वाटलं, आणि अशांनी कृष्णवर्णीय रुग्णाच्या वेदनेवर सुचवलेले उपचारही जास्त चुकले. ‘त्यांच्या रक्तातच असतं’ हे वाक्य आपल्याकडे जातीबद्दल किती सहज म्हटलं जातं, ते आठवलं तर यात नवल वाटणार नाही.

बोस्टनच्या बेथ इस्रायल रुग्णालयाने २०१७ मध्ये गुणक काढला, सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने जून २०२० मध्ये. मग किडनीतज्ज्ञांच्या दोन राष्ट्रीय संस्थांनी संयुक्त समिती नेमली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये तिने वंश नसलेलं नवं सूत्र सुचवलं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनेही त्याच वर्षी वांशिक गुणक वगळला.

‘गुणक खोडला, वंशवाद संपला’ हा प्रचार मात्र तितकाच पोकळ. जुन्या सूत्रातून १.१५९ नुसता खोडला तर कृष्णवर्णीयांचा जीएफआर खऱ्यापेक्षा साधारण ७ ने कमी दिसतो. कमी दिसणंही महागात पडतं. ३० च्या खाली मधुमेहाचं मेटफॉर्मिन बंद करावं लागतं, कर्करोगाच्या काही औषधांचा डोस कापला जातो, किडनीदाता म्हणून नाव मागे पडतं. म्हणून समीकरण मुळापासून पुन्हा बसवलं. ‘१४१’ चा ‘१४२’ झाला, घात बदलले. आपल्या ५५ वर्षांच्या माणसाचं उत्तर आता १९.१, तो कुणीही असो. नव्या सूत्रात कृष्णवर्णीयांचा आकडा ३.६ ने कमी आणि इतरांचा ३.९ ने जास्त दाखवला जातो. चूक नाहीशी झाली नाही, वाटून घेतली गेली. ती खरोखर घटते सिस्टॅटिन-सी जोडल्यावर. हे छोटं प्रथिन शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशी तयार करतात, त्यामुळे त्याच्यावर स्नायूंचा भार फारसा नसतो. मात्र धूम्रपान, लठ्ठपणा, थायरॉइड आणि स्टिरॉइड त्याला हलवतात. फुकट काहीच मिळत नाही.

आणि जनुकांचं काय? तेही खोटं नव्हे. एपीओएल-१ या जनुकाचे दोन प्रकार पश्चिम आफ्रिकेत वाढले, कारण ते निद्रारोगाच्या परजीवीपासून वाचवतात. त्यातल्या दोन प्रती एकत्र आल्या तर किडनीचा धोका वाढतो. आफ्रिकन-अमेरिकनांपैकी सुमारे १३ टक्के लोकांत त्या दोन असतात, म्हणजे ८७ टक्क्यांत नसतात. इथिओपियाच्या लोकांत तर हे प्रकार जवळजवळ सापडत नाहीत. अमेरिकेच्या फॉर्मवर मात्र नायजेरियाचा आणि इथिओपियाचा माणूस एकाच चौकटीत खूण करतो. धोका जनुकाचा असेल तर तपासणीही जनुकाचीच करायला हवी.

वर्गात कोण बसतं याचा या प्रश्नांशी संबंध आहे, म्हणून प्रवेशाकडे परत येऊ. वैद्यकीय शिक्षणाची झाडाझडती घेणाऱ्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर कृष्णवर्णीयांच्या सातपैकी पाच वैद्यकीय शाळा बंद पडल्या, हॉवर्ड आणि मेहॅरी उरल्या. त्या तुटीची भरपाई पुढे कित्येक दशकं झाली नाही. २०२३ च्या निकालानंतरच्या पहिल्या प्रवेशात, २०२४ मध्ये, वैद्यकीय महाविद्यालयांत दाखल झालेले कृष्णवर्णीय विद्यार्थी ११.६ टक्क्यांनी घटले. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या मान्यता-मंडळाने महाविद्यालयांवरची विविधतेची अटच काढून टाकली. डेव्हिसमध्ये मात्र २०१२ पासून दुसरा मार्ग चालू आहे. १९९६ मध्ये राज्यानेच वंश बघायला बंदी घातली होती, म्हणून तिथे पालकांचं शिक्षण, उत्पन्न, वाढलेला भाग यांवरून ० ते ९९ असा ‘अडचणीचा गुण’ लावतात. आळी न बघता जनावर आणि चारा बघण्याचाच हा प्रकार. तोही सरासरीच आहे, पण निदान जे मोजायचं त्याच्या जास्त जवळचा.

प्रत्यारोपणाच्या यादीची दुरुस्तीही झाली. जानेवारी २०२३ पासून प्रत्येक केंद्राला कृष्णवर्णीय उमेदवारांचे जुने लॅब रिपोर्ट शोधून काढायला लावलं. गुणक नसता तर कधी २० गाठलं असतं ती तारीख काढायची आणि प्रतीक्षा तिथून मोजायची. १४,००० हून अधिक लोकांना सरासरी दोन वर्षं परत मिळाली. आधीचा रिपोर्ट सापडला नाही, तर वर्षंही नाहीत.

आपल्याकडच्या रिपोर्टखाली हल्ली ‘सीकेडी-ईपीआय २०२१’ असं छापलेलं असतं. ते समीकरण बसवताना भारतीय जवळजवळ नव्हतेच. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत भारतीयांचा जीएफआर थेट मोजून आधीची सूत्रं तपासली, तेव्हा ती आकडा फुगवून दाखवतात असं निघालं. कमी स्नायू आणि कमी मांसाहार असला की नळ मंद चालतो आणि किडनी आहे त्यापेक्षा तगडी वाटते. त्यामुळे किडनी द्यायला निघालेल्या माणसाचं इथे नुसत्या सूत्रातून काढलेल्या जीएफआरवर भागत नाही. त्याला किरणोत्सारी टेक्नेशियम लावलेलं डीटीपीए हे द्रव्य टोचतात, गॅमा कॅमेऱ्याखाली झोपवतात आणि प्रत्येक किडनी किती गाळते ते वेगवेगळं मोजतात.