गिगाहर्ट्झकडून वॅटकडे: लॅपटॉपच्या चिपांची पंचवीस वर्षं

बारावीचा निकाल, मग सीईटीचा निकाल, मग प्रवेशाच्या फेऱ्या. सोलापुरात लॅपटॉप खरेदीचा हंगाम याच सुमारास येतो आणि नवी पेठेत काउंटरवरचा प्रश्न ठरलेला असतो: इंटेल घ्यावा, एएमडीचा रायझेन घ्यावा, की क्वालकॉमचा हा नवा स्नॅपड्रॅगन? दुकानदार आय-फाइव्ह, आय-सेव्हन सांगतो, वडील हप्ता विचारतात. चिप किती वीज खाते, त्या वॅटचं नाव कुणी काढत नाही. खरं तर या कंपन्यांची गेल्या पंचवीस वर्षांतली मारामारी बरीचशी त्या आकड्यावरूनच झाली आहे.

नोव्हेंबर २००० मध्ये इंटेलचा पेंटियम ४ आला तो १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झवर. जाहिरातीत तेव्हा गिगाहर्ट्झ, म्हणजे चिपचे सेकंदाला किती अब्ज ठोके पडतात तो आकडा, हेच सर्वस्व. चिपची रचनाच अशी होती की ठोके भराभर पडावेत, मग एका ठोक्यात काम थोडं कमी झालं तरी चालेल. चार वर्षांत हा आकडा ३.८ वर गेला आणि चिपचा वॅटचा आकडा ११५ वर. ४ गिगाहर्ट्झची चिप रद्दच करावी लागली. ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेच्या मंचावर चक्क गुडघे टेकून त्याबद्दल माफी मागितली. गमतीत का होईना, पण मागितली.

अडचण भौतिकशास्त्राची होती. चिप जी वीज खाते ती ढोबळमानानं वेगाच्या पटीत वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीतही. वेग वाढवायचा तर सहसा व्होल्टेजही वाढवावं लागतं. दोन्ही दहा-दहा टक्क्यांनी वाढवले तर विजेचा खर्च तेहतीस टक्क्यांनी चढतो. म्हणजे शेवटचा थोडासा वेग सगळ्यात महाग पडतो. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या गणितानं बरीच वर्षं तारलं होतं: ट्रान्झिस्टर (चिपमधला विजेचा सूक्ष्म स्विच) लहान झाला की त्याला व्होल्टेजही कमी पुरतं, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवूनही उष्णता वाढत नाही. २००५ च्या आसपास ते गणित अडलं. ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की बंद असतानाही त्यांतून वीज गळू लागली आणि व्होल्टेज आणखी खाली नेणं जमेना. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखानदाराला हे वेगळं समजवावं लागत नाही. माग किती जोरात पळतो यापेक्षा किलोभर मालामागे किती युनिट जळाले, हे तो आधी बघतो.

इंटेलला वाट सापडली ती घरातच, इस्रायलमधल्या हैफाच्या चमूकडे. त्यांनी पेंटियम ३ च्या जुन्या घराण्यातून लॅपटॉपसाठी वेगळी चिप घडवली. मार्च २००३ मध्ये ती पेंटियम एम या नावानं आली: १.६ गिगाहर्ट्झ आणि २४.५ वॅट. कागदावर आकडा लहान, पण कामात ती जास्त गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ला भारी पडायची. २००६ च्या कोअर २ ड्युओचं मूळ याच घराण्यात आहे. त्याआधी, जून २००५ मध्ये, स्टीव्ह जॉब्ज यांनी ॲपलचे मॅक इंटेलवर नेण्याची घोषणा केली तेव्हा कारण दिलं ते हेच: एका वॅटमागे मिळणारं काम.

दुसरा धागा केंब्रिजचा. तिथल्या एकॉर्न या छोट्या कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी आखलेली, आर्म या नव्या रचनेची पहिली चिप एप्रिल १९८५ मध्ये हातात आली. किती वीज खाते ते मोजायला फर्बर यांनी मीटर लावला, तर काटा शून्यावर. चिप मात्र व्यवस्थित चाललेली. शोध घेतल्यावर कळलं की बोर्डात दोष होता आणि चिपला वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. इतर पिनांवरच्या सिग्नलांमधून जी थोडी वीज आत झिरपत होती तेवढ्यावर ती चालत होती. कमी वीज हे तेव्हा खास ध्येयही नव्हतं. चिप स्वस्त प्लास्टिकच्या आवरणात बसावी, जास्त तापू नये, एवढीच अपेक्षा. पुढे मोबाइलच्या जमान्यात हाच गुण आर्मचं भांडवल ठरला.

मधला काळ झटकन सांगता येतो. २०१५ नंतर इंटेल १४ नॅनोमीटरवरच अडकली (हा आकडा जितका लहान, तितके ट्रान्झिस्टर बारीक), १० नॅनोमीटरच्या लॅपटॉप चिपा मोठ्या प्रमाणावर यायला २०१९ उजाडलं. २०१७ मध्ये एएमडीनं झेन रचना आणली, आणि जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेल्या रायझेन ७ ४८००यू मध्ये आठ कोअर (चिपमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) अवघ्या १५ वॅटच्या वर्गात बसवले. ती चिपा बनवून देणाऱ्या तैवानच्या टीएसएमसी या कंपनीत ७ नॅनोमीटरवर बनत होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात ॲपलचा एम१ आला, तो आर्मवर आधारलेला, ५ नॅनोमीटरचा. त्याचा मॅकबुक एअर पंख्याशिवाय चालला, तेव्हा बाकीच्यांची झोप उडाली.

मग तुलना करायची कशी? चिपच्या नावावरून तर नाहीच. इंटेलच्या आय७-१२६०पी ची पायाभूत वीज २८ वॅट, पण टर्बोत, म्हणजे थोड्या वेळासाठीच्या जादा वेगात, ती ६४ पर्यंत जाऊ शकते. यातली किती आणि किती वेळ द्यायची, हे लॅपटॉपची कंपनी ठरवते. त्यामुळे तीच चिप जाड लॅपटॉपमध्ये पळते आणि पातळ लॅपटॉपमध्ये काही सेकंदांनी दमते. चाचण्यांचे तक्ते वाचताना मी आधी वॅट शोधतो; ते दिलेले नसतील तर तक्ता बाजूला ठेवतो.

त्यात आपल्याकडचं ऊन. परीक्षणं बहुधा एसीच्या खोलीत होतात, समजा २५ अंशांत. चिप साधारण १०० अंशांपर्यंत तापू दिली जाते, म्हणजे उष्णता बाहेर जायला ७५ अंशांचा फरक मिळाला. मे महिन्यात जुळे सोलापुरातल्या वरच्या मजल्यावर, स्लॅबखालच्या खोलीत ४२-४३ अंश असतात. फरक उरला ५७-५८ चा. तोच पंखा, तीच जाळी, पण जवळपास पाव उष्णता कमी बाहेर पडणार. ४५ वॅट सलग खाणाऱ्या यंत्राला तिथं ३५ च्या आसपास थांबावं लागेल. १५-१७ वॅटमध्ये भागवणाऱ्या चिपला तोच उन्हाळा फारसा जाणवत नाही. वीज गेल्यावरचा हिशोबही असाच सरळ: ५० वॅट-तासांची बॅटरी, लॅपटॉप एकूण १० वॅट खात असेल तर पाच तास, २५ खात असेल तर दोनच.

२०२४ मध्ये हे सगळे धागे एकाच बाजारात आले. जूनमध्ये आर्मवर आधारलेल्या स्नॅपड्रॅगन एक्सचे विंडोज लॅपटॉप आले. त्यांचे कोअर नुव्हिया या कंपनीच्या कामातून आलेले, आणि ती ॲपलच्या चिपा आखणाऱ्यांनीच बाहेर पडून काढलेली. सप्टेंबरात इंटेलनं लुनार लेक आणली: बहुतेक मॉडेलांत पायाभूत १७ वॅट, मेमरी चिपच्याच पॅकेजवर, हायपरथ्रेडिंग (एका कोअरकडून एकाच वेळी दोन कामं करून घेण्याची सोय) काढून टाकलेलं, आणि मुख्य भाग चक्क टीएसएमसीकडून बनवून घेतलेला. इंटेल-एएमडीच्या जुन्या एक्स८६ रचनेतही कमी वॅटचं काम जमतं, हे तिनं दाखवलं.

स्नॅपड्रॅगनची एक मेख मात्र इथं सांगायला हवी. विंडोजवर जुनी एक्स८६ सॉफ्टवेअरं तो भाषांतर करून चालवतो, पण ड्रायव्हर, म्हणजे जोडलेली उपकरणं चालवणारी छोटी सॉफ्टवेअरं, तसे चालत नाहीत. ते आर्मसाठीच लिहिलेले लागतात. चादरीची नक्षी काढायचं जुनं जॅकार्ड सॉफ्टवेअर डोंगलवर (परवान्यासाठी लॅपटॉपला लावायच्या किल्लीवर) चालत असेल आणि त्या डोंगलचा आर्म ड्रायव्हर नसेल, तर बॅटरी दिवसभर टिकूनही काम होणार नाही. अशा घरात रायझेन किंवा लुनार लेकच घ्यावा.