दिवेलागणीची कसोटी

अमेरिकेतल्या एखाद्या शहरात वाहतूक पोलिसांनी अडवलेल्या शंभर चालकांपैकी पन्नास कृष्णवर्णीय निघाले, तर पोलीस वर्ण पाहून गाड्या अडवतात असे म्हणता येईल का? पन्नास हा नुसता अंश झाला. छेद कुठून आणायचा? जनगणना इथे कामाची नाही, कारण शहरात राहणारे सगळे गाडी चालवत नाहीत आणि तिथल्या रस्त्यांवरून जाणारे सगळे त्या शहरात राहत नाहीत. १९९० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ जॉन लॅम्बर्थ यांनी न्यू जर्सी टर्नपाइक या महामार्गावर निरीक्षक बसवून हा छेद अक्षरशः मोजून काढला. कृष्णवर्णीय व्यक्ती असलेल्या गाड्या १३.५ टक्के भरल्या, अडवलेल्यांत मात्र कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे ३५ टक्के होते. १९९६ मध्ये न्यायालयाने ही मोजणी ग्राह्य धरली. पण असा खटाटोप गावोगावी कोण करणार?

अर्थतज्ज्ञ जेफ्री ग्रॉगर आणि पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्राचे प्राध्यापक झालेले ग्रेग रिजवे यांनी २००६ मध्ये छेदाला चक्क बगल दिली. अंधारात चालकाचा चेहरा दिसणे अवघड असते. तेव्हा वर्ण पाहून गाड्या अडवल्या जात असतील, तर उजेडात अडवलेल्यांतील कृष्णवर्णीयांचा वाटा अंधारातल्यापेक्षा जास्त भरायला हवा. मात्र दुपार आणि मध्यरात्र यांची तुलना चालत नाही, कारण वेळेनुसार रस्त्यावरची माणसेच बदलतात. म्हणून घड्याळातली वेळ तीच ठेवायची आणि उजेड बदलू द्यायचा. कॅलिफोर्नियातील ओकलंडमध्ये ऑक्टोबर २००३ च्या अखेरीस, उन्हाळ्यापुरती पुढे केलेली घड्याळे तासभर मागे गेली, तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी सहाला ऊन होते आणि सोमवारी सहाला काळोख. कामावरून घरी परतणारे लोक बहुधा तेच.

ओकलंडच्या २००३ मधील नोंदींत या कसोटीला वर्णभेदाचा फारसा पुरावा सापडला नाही. उलट २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी देशभरातील सुमारे साडेनऊ कोटी नोंदी तपासल्या, तेव्हा अंधार पडल्यावर कृष्णवर्णीयांचा वाटा घटलेला दिसला. माझ्या मते या रीतीची खरी दुखरी नस विजेच्या खांबाशी आहे: सूर्य मावळला म्हणून शहरात काळोख होतोच असे नाही. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूजमध्ये संशोधकांनी रस्त्यावरच्या दिव्यांच्या जागा हिशेबात घेतल्या, तेव्हा आधी पुसट वाटणारी तफावत ठळक झाली.