"हे कशावरून?" असं मुलं कधीपासून विचारायला लागली

इतिहास म्हटलं की आपल्याकडे गोष्ट. बाईंनी रंगवून सांगितलेली, चौथीच्या पुस्तकातली. मीही शिवरायांच्या गोष्टींवरच वाढलोय आणि त्या मला अजून आवडतात. पण "हे कशावरून?" असं पोरांनी विचारायचं आणि उत्तरही त्यांनीच शोधायचं, ही गोष्ट शाळेत फार उशिरा आली.

१९१० मध्ये ऑक्सफर्डच्या एम. डब्ल्यू. कीटिंग यांनी पुस्तक लिहून सांगितलं की वर्गात मूळ कागद द्या, मुलांना त्यावर डोकं लावू द्या. त्याच वर्षी पुण्यात राजवाडे आणि मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. राजवाडे तर कधीपासून गावोगाव पायपीट करून जुन्या कागदपत्रांची दप्तरं धुंडाळत होते, म्हणजे अस्सल कागदाची किंमत आपल्याला कळत नव्हती असं मुळीच नाही, फक्त ती शाळेच्या दारातून आत आली नाही. कीटिंगचंही तिकडे इंग्लंडात फारसं कोणी मनावर घेतलं नाही, राजे, लढाया आणि सनावळ्या चालूच राहिल्या.

मग स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे आले. मुलांचा विचार टप्प्याटप्प्याने वाढतो हे त्यांचं म्हणणं रॉय हॅलम या इंग्रज अभ्यासकाने इतिहासाला लावलं, मुलांना उतारे वाचायला देऊन प्रश्न विचारले आणि निष्कर्ष काढला की इतिहासात नीट तर्क करता यायला वयाची सोळाएक वर्षं उलटावी लागतात. झालं! मग प्राथमिकला फक्त गोष्टीच सांगा म्हणायला सगळे मोकळे. मला हे पटत नाही, कारण उताऱ्यावरचे प्रश्न आणि हातात वस्तू घेऊन शोधणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

१९७२ मध्ये इंग्लंडात लीड्सला एक शालेय इतिहास प्रकल्प सुरू झाला, तेरा ते सोळा वयासाठी. त्यातला पहिलाच खेळ भारी होता, मार्क पुलन नावाचा एक (काल्पनिक) तरुण मेलाय, त्याच्या पाकिटातल्या चिठ्ठ्या-तिकिटं ही, आता सांगा तो कोण होता. १९९१ च्या नॅशनल करिक्युलमने, म्हणजे तिकडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाने, पुरावा तपासणं, अर्थ लावणं पाच वर्षांच्या मुलांपर्यंत खाली आणलं. त्याच सुमारास पीटर ली, रोझलिन अ‍ॅशबी वगैरे संशोधकांनी सात ते चौदा वर्षांच्या मुलांना रोमन साम्राज्य संपल्याच्या दोन गोष्टी दिल्या, एकीत ते ४७६ मध्ये संपतं, दुसरीत १४५३ मध्ये, आणि विचारलं की असं का? त्या अभ्यासात काही सात-आठ वर्षांची पोरं काही चौदा वर्षांच्या मुलांपेक्षा पुढचा विचार करत होती.

आपल्याकडे पाचवीच्या परिसर अभ्यास भाग २ मध्ये पहिलाच धडा 'इतिहास म्हणजे काय?' हा आहे, चांगला आहे, पण बहुतेक वेळा तोही पाठच करून घेतला जातो.

मी एकदा चौथीच्या मुलांना घरातलं जुनं काहीतरी आणायला सांगितलं. एकाने ट्रंकेतलं रेशन कार्ड आणलं. त्यावर नऊ नावं, आणि आजोबा म्हणतात तेव्हा घरात सातच माणसं होती. मग कार्ड खरं की आजोबा? एक म्हणाला दोघं मुंबईला गेले असतील, दुसरी म्हणाली आजोबा विसरले असतील, आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "साखर जास्त मिळावी म्हणून दोन नावं वाढवली असतील, सर!"