पोर्टेबल एसी गार हवा सोडतो, मग खोली का गार होत नाही?

मागच्या मे महिन्यात डोंबिवलीहून मावशीचा फोन आला. भाड्याचं घर, घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही म्हणून स्प्लिट एसीचा विषयच संपलेला, मग तिने चाकांवरचा 1 टनाचा पोर्टेबल एसी घेतला, त्याचा जाडजूड पाईप स्लायडिंग खिडकीच्या फटीतून बाहेर काढला, उरलेल्या फटीत पुठ्ठा बसवला आणि चार दिवसांनी मला म्हणते, "अरे, समोर उभं राहिलं की गारेगार वाटतं, पण खोली काही गार होईना. अंग चिकचिकतंय ते चिकचिकतंयच. बिघडलंय का रे मशीन?"

मशीन एकदम व्यवस्थित होतं. भानगड होती त्या पाईपात, आणि हे दुकानात कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट पक्की करू. एसी गारवा तयार करत नाही, तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. आतल्या थंड कॉइलमध्ये गॅस उष्णता शोषून घेतो, कॉम्प्रेसर त्याला दाबून आणखी तापवतो, आणि मागच्या गरम कॉइलवरून हवा फिरवून ती उष्णता फेकून दिली जाते. फ्रिजचं दार उघडं ठेवून स्वयंपाकघर गार होत नाही, उलट तापतं, कारण फ्रिजची उष्णता तिथेच मागे बाहेर पडत असते. त्यामुळे कुठल्याही एसीबद्दल विचारायचा प्रश्न हाच की गरम कॉइलवरून फिरणारी हवा येते कुठून आणि जाते कुठे?

विंडो एसीत उत्तर सोपं आहे. मशीनचा अर्धा भाग घरात, अर्धा बाहेर, मध्ये पत्र्याचा पडदा. आतला ब्लोअर आतलीच हवा फिरवतो, मागचा पंखा बाहेरचीच हवा घेऊन बाहेरच सोडतो, दोघांची गाठ पडत नाही.

एका पाईपचा पोर्टेबल एसी मात्र गरम कॉइल थंड करायला खोलीतलीच हवा वापरतो, म्हणजे जी हवा आपण पैसे खर्चून गार केली तीच, आणि ती पाईपातून बाहेर फेकतो. आता खोलीतून हवा बाहेर गेली की तेवढीच हवा कुठूनतरी आत यायलाच हवी, पोकळी काही राहत नाही. ती येते दाराखालून, खिडकीच्या फटींतून, बाथरूमच्या झरोक्यातून. आणि येते तीच बाहेरची तापलेली दमट हवा जिच्यासाठी आपण एसी लावला. मावशीला मी सांगितलं, पंखा बंद कर आणि दाराच्या फटीपाशी उदबत्ती धर. धूर सरळ आत ओढला जात होता. तुमच्याकडे हे मशीन असेल तर नक्की करून बघा, पुस्तकातला हवेचा दाब असा डोळ्यांनी क्वचितच दिसतो.

आता थोडं गणित, कारण खरी मजा त्यातच आहे. पाईपातून मिनिटाला 200 घनफूट हवा बाहेर जाते असं धरू, मशीनप्रमाणे कमी-जास्त असेल. खोली 10 बाय 12 ची, उंची 10 फूट, म्हणजे 1,200 घनफूट. म्हणजे दर 6 मिनिटांनी खोलीभर हवा बाहेर गेली आणि तेवढीच नवीन आत आली, तासाला 10 वेळा! तासाची ही हवा साधारण 340 घनमीटर होते. बाहेर 33 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असेल तर एका घनमीटर हवेत सुमारे 25 ग्रॅम पाण्याची वाफ असते. आपल्याला आत हवंय 26 अंश आणि 55 टक्के, म्हणजे साधारण साडेतेरा ग्रॅम. फरक दिसायला साडेअकरा ग्रॅमचा, पण 340 ने गुणला की तासाला जवळजवळ 4 लिटर पाणी वाफेच्या रूपात खोलीत शिरतंय. ते परत पाणी करून काढायला सुमारे 2.7 किलोवॅट उष्णता उचलावी लागते आणि 33 ची हवा 26 वर आणायला आणखी पाऊण किलोवॅट. बेरीज साडेतीन किलोवॅट.

आणि 1 टनाचा एसी उष्णता उचलतो किती? साडेतीन किलोवॅट!

म्हणजे आत येणारी सगळी हवा थेट बाहेरचीच असेल तर मशीनची अख्खी ताकद तिलाच पुरते, भिंती, छत, माणसं, टीव्ही यांच्यासाठी काहीच उरत नाही. मग खोली मध्येच कुठेतरी अडकते, 29-30 अंशांवर आणि दमट. मावशीची चिकचिक ती हीच, मुंबई-ठाण्याकडच्या हवेत तापमानापेक्षा ही वाफच जास्त छळते. नागपुरात गणित वेगळं पडतं. तिथे मे महिन्यात 44 अंश असले तरी हवा कोरडी, त्यामुळे वाफेचा भार जवळपास नाहीच, पण 18 अंशांच्या फरकाने दोन किलोवॅटच्या आसपास तरी जातातच, म्हणजे अर्ध्या टनापेक्षा जास्त. खरं सांगायचं तर त्या कोरड्या हवेत साधा कूलर कमी विजेत चांगलं काम करतो, फक्त त्याला खिडकी उघडी लागते आणि एसीला बंद, हे दोन्ही एकाच खोलीत एकदम लावू नका.

दोन पाईपचे पोर्टेबल एसी पण असतात, एका पाईपाने बाहेरची हवा घ्यायची आणि दुसऱ्याने सोडायची. ते नक्कीच बरे. पण पाईप तापलेला असतोच, दीड मीटरचा गरम पाईप खोलीत साधारण जुन्या 100 वॅटच्या बल्बइतकी उष्णता सोडत बसतो, आणि कॉम्प्रेसर पण खोलीतच म्हणजे त्याची घरघर उशाशी.

अमेरिकेत हा घोळ लेबलवरच दिसायला लागला. तिथे सरकारी चाचणीत आत घुसणारी हवा आणि पाईपाची उष्णता धरून नवीन आकडा काढायला लागले, तेव्हा 14,000 बीटीयूच्या मशीनच्या खोक्यावर खाली 8,000 ते 10,000 चा दुसरा आकडा येऊ लागला. बीटीयू हे उष्णता मोजायचं माप, तासाला 12,000 बीटीयू म्हणजे 1 टन. मशीन तेच, फक्त खरी गोष्ट मोजली गेली.

याच नादात अजून एक सांगतो, कारण लोक फसतात. ऑनलाइन "मिनी पोर्टेबल एसी" म्हणून जे छोटे डबे विकतात, पाणी भरा, बर्फ टाका, यूएसबीला लावा, ते एसी नाहीत, त्यात कॉम्प्रेसरच नसतो. 1 किलो बर्फ वितळताना 334 किलोज्यूल उष्णता घेतो, त्या हिशोबाने 1 टनाच्या एसीची बरोबरी करायला तासाला 38 किलो बर्फ लागेल. टन हे माप बर्फावरूनच आलंय, अमेरिकन 1 टन म्हणजे सुमारे 907 किलो बर्फ 24 तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढी.

मग पोर्टेबल घ्यायचाच नाही का? असं नाही. जर्मनीत राहणाऱ्या आपल्या मंडळींकडे खिडक्या आत उघडतात नाहीतर वरून तिरक्या होतात, त्यात विंडो एसी बसणार कसा, त्यांच्याकडे उन्हाळ्याचे थोडेच दिवस, हवाही आपल्या किनाऱ्याएवढी दमट नाही, तिथे चालून जातं. किंवा सोसायटी बाहेर काहीच लावू देत नाही आणि दुपारचे दोन तासच हवाय, तर ठीक. पण घेतलात तर दोन पाईपचा घ्या, पाईप आखूड आणि सरळ ठेवा, हवेतली वाफ पाणी होऊन मशीनच्या टाकीत जमते, ते पाणी बाहेर न्यायची नळी लावा, नाहीतर दमट हवेत टाकी भरून मध्यरात्री मशीन बंद पडेल. आणि हे खूप महत्त्वाचं, घरात गॅस गीझर असेल तर एका पाईपचा एसी चालू असताना तो लावू नका. घरातली हवा बाहेर ओढली जात असते तेव्हा गीझरचा धूर बाहेर जायच्या ऐवजी उलटा घरात येऊ शकतो, त्यात कार्बन मोनॉक्साईड असतो, त्याला वास नाही, रंग नाही, कळतसुद्धा नाही. यात अजिबात हलगर्जी नको.

मावशीच्या घरमालकाशी मी स्वतः बोललो. भिंतीला हात लावणार नाही, फक्त खिडकीचा एक स्लायडर काढून सुतार लाकडी चौकट बसवेल, घर सोडताना स्लायडर परत जागेवर, आणि ते तयार झाले. 1 टनाचा विंडो एसी, खाली पक्का लोखंडी स्टँड कारण वजन बरंच असतं, बाजूच्या फटीत फोम, मागच्या बाजूला थोडा उतार, आणि कबुतरांसाठी वरच्या फटीला जाळी. खिडकीतला उजेड अर्धा गेला हे खरं आहे, आणि आवाज पंख्यापेक्षा जास्त आहेच. पुढच्या पॅनेलवर हवा बाहेर सोडायची छोटी पट्टी होती ती कायम बंद ठेवायला सांगितली, बऱ्याच घरांत ती वर्षानुवर्षं उघडी असते आणि गार हवा निघून जाते.

पहिल्याच रात्री परत फोन. खोली तासाभरात गार झाली, चादर घेतली, पण मागून पाण्याचा छपछप आवाज येतोय म्हणे, मेकॅनिकला बोलवू का? मी म्हटलं नको, ते आतल्या कॉइलवर जमलेलं पाणी आहे, मागच्या पंख्याची कडा त्यात बुडून ते गरम कॉइलवर उडवते म्हणजे कॉइल लवकर थंड होते. तसंच बनवलंय ते. "मग राहू दे," म्हणाली आणि झोपली.