लैंगिक आकर्षणाचे मापन

माणसाला कोणाविषयी आणि कितपत लैंगिक ओढ वाटते, हे पद्धतशीर नोंदविण्याचे प्रयत्न. ओढ थेट दिसत नाही. अभ्यासकाच्या हाती लागते ते तिच्याविषयीचे उत्तर किंवा शरीराचा प्रतिसाद. त्यामुळे एका समाजात बेतलेले माप दुसऱ्या समाजात तसेच लावणे धोक्याचे ठरते.

अल्फ्रेड किन्सी व सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये अमेरिकेत ० (केवळ भिन्नलिंगी) ते ६ (केवळ समलिंगी) अशी श्रेणी मांडली. तीत प्रत्यक्ष अनुभव व मनातली ओढ एकाच आकड्यात येतात. एकीकडची ओढ वाढली की दुसरीकडची घटते, हे तिचे गृहीतक मायकेल स्टॉर्म्स यांनी १९८० मध्ये नाकारले व समलिंगी आणि भिन्नलिंगी ओढीसाठी दोन स्वतंत्र अक्ष सुचविले. अमेरिकेतच १९९२ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आकर्षण, वर्तन आणि स्वतःची ओळख यांविषयी वेगवेगळे प्रश्न विचारले गेले. ही फोड सर्वांत मोलाची, कारण या तीन गोष्टी एकाच माणसात जुळतीलच असे नाही.

मुंबईसह भारतात पुरुषांकडे ओढा असलेले, बायकी ढंगाने वावरणारे काही पुरुष स्वतःला कोती म्हणवतात. त्यांच्या पुरुषी जोडीदारांना ते पंथी म्हणतात. अनेक पंथी विवाहित असतात आणि स्वतःला समलिंगी मानत नाहीत. ‘तुम्ही समलिंगी आहात का?’ याला ते ‘नाही’ म्हणतात, तेव्हा ते खोटे बोलत नसतात. प्रश्नच चुकलेला असतो. म्हणूनच एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामात ‘पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे पुरुष’ असा वर्तनावर आधारलेला गट धरला जातो. मात्र त्यातून ओढ कळत नाही. लग्न जवळजवळ अटळ असलेल्या समाजात स्त्रियांच्या वर्तनावरून तर ती मुळीच ताडता येत नाही.

उत्तर कोणासमोर द्यायचे, यावरही बरेच अवलंबून असते. अमेरिकेतील किशोरवयीन मुलांच्या १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कागदी प्रश्नावलीत १.५ टक्के मुलांनी पुरुषाशी लैंगिक संबंध आल्याचे सांगितले. हेडफोनवर प्रश्न ऐकून संगणकावर उत्तर देताना ५.५ टक्के.

शरीराचा प्रतिसाद मोजला की संस्कृतीचा प्रश्न मिटतो, असे अनेकांना वाटते. कुर्ट फ्रॉइंड यांनी १९५० च्या दशकात चेकोस्लोव्हाकियात लिंगातील रक्तप्रवाहातून उत्तेजना मोजण्याचे तंत्र विकसित केले; लष्करी सेवा टाळण्यासाठी समलैंगिकतेचा खोटा दावा करणारे ओळखणे हा त्यामागील एक हेतू. पुढे चेक प्रजासत्ताकाने हेच तंत्र समलैंगिकतेमुळे छळ होत असल्याचे सांगून आश्रय मागणाऱ्यांवर वापरले. छळातून निसटून आलेल्या माणसाला अनोळखी खोलीत यंत्र लावून मिळणारा आकडा भीतीचा की ओढीचा, हे कोण सांगणार? युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१४ मध्ये आश्रयार्थींच्या अशा चाचण्या मानवी प्रतिष्ठेला बाधक ठरविल्या. हंगेरीने एका नायजेरियन आश्रयार्थीला पावसातील माणसाचे चित्र काढायला लावले आणि शाईच्या डागांची चाचणीही दिली. त्यावरून त्याची लैंगिकता ठरविण्यास २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने मनाई केली. त्याचे म्हणणे सुसंगत व पटण्याजोगे आहे का, हे चाचणीविनाही पाहता येते, असे निकालात म्हटले आहे.