मुदतीचा ताप ते विडालची चिठ्ठी

पावसाळा सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की परभणी असो, बीड असो की लातूर, तालुक्याच्या लॅबमधून ‘विडाल पॉझिटिव्ह’च्या, म्हणजे टायफॉइडच्या रक्ततपासणीच्या, चिठ्ठ्या निघू लागतात. त्यातल्या बऱ्याच जणांना टायफॉइड नसतोच. असं का होतं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

जुनी माणसं टायफॉइडला मुदतीचा ताप म्हणत. पहिल्या आठवड्यात ताप रोज थोडा थोडा चढत जाई, दुसऱ्यात वरच राही, तिसऱ्यात रोगी बरळू लागे, आणि वाचलाच तर चौथ्यात उतरे. तोवर लंघन. या तापात लहान आतड्याच्या शेवटच्या भागात व्रण पडतात. तिसऱ्या आठवड्यात तिथून रक्त जातं किंवा आतड्याला भोक पडतं. म्हणून जड खाणं टाळण्यात तथ्य होतं. तीन आठवडे उपाशी ठेवण्यात मात्र अजिबात नव्हतं. भाताची पेज, वरणाचं पाणी एवढं तरी पोटात जायलाच हवं होतं.

हे व्रण 1829 साली पॅरिसच्या पिएर लुई यांनी नीट मांडले. जंतू 1880 मध्ये एबर्ट यांना दिसला, 1884 मध्ये गाफ्की यांनी तो वाढवून दाखवला, आणि 1896 मध्ये फर्नां विडाल यांची तपासणी आली. ही तपासणी जंतू शोधत नाही. जंतूविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं मोजते. ती पहिला आठवडा उलटल्यावर वाढतात, म्हणून तापाच्या तिसऱ्या दिवशी केलेल्या विडालला फारसा अर्थ नाही. शिवाय पूर्वी टायफॉइड झालेल्या किंवा लस घेतलेल्या माणसाच्या रक्तात ती आधीच असू शकतात. नुसती एक चिठ्ठी पाहून सलाईन लावणं म्हणजे अंदाजपंचे कारभार.

खरी तपासणी ब्लड कल्चरची, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून पाहण्याची. मोठ्या माणसाचं 8 ते 10 मिली रक्त, तेही अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घ्यायचं. घोडं अडतं ते इथेच: मेडिकलवरून आणलेल्या दोन-चार गोळ्या आधीच पोटात गेलेल्या असतात. सगळं नीट केलं तरी शंभरातले साठच्या आसपास रुग्ण सापडतात.

1948 मध्ये, मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला त्याच वर्षी, क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक टायफॉइडवर लागू पडतं हे मलायात (आजच्या मलेशियात) दिसलं. तोवर शंभरातले दहा-वीस दगावत. पण 1972 मध्ये केरळात या औषधाला न जुमानणारी साथ आली, आणि नव्वदच्या दशकापर्यंत अँपिसिलिन, कोट्रायमॉक्साझोलही निकामी होऊ लागली. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आलं. त्याचाही जोर ओसरला. आता भिस्त सेफ्ट्रायाक्सोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनवर आहे. 2016 पासून पाकिस्तानातल्या सिंधमध्ये पसरलेल्या जंतूवर तर सेफ्ट्रायाक्सोनही चालत नाही.

औषधं बदलली, वाट तीच राहिली: विष्ठेतून पाण्यात, पाण्यातून तोंडात. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे डॉक्टर विल्यम बड ही गोष्ट एबर्टच्या आधीपासून सांगत होते. आपल्याकडे चार-आठ दिवसांआड नळ येतो. मधल्या काळात पाइप रिकामा असतो आणि फुटक्या सांध्यातून गटाराचं पाणी आत ओढतो. म्हणून नळ आल्यावर पहिलं पाणी पिण्याला भरू नये.

विहिरीसाठी टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा, हिशेब सोपा आहे: 1000 लिटरला 5 ग्रॅम. 3 मीटर व्यासाच्या विहिरीत 4 मीटर पाणी असेल तर ते साधारण 28,000 लिटर भरतं, म्हणजे 140 ग्रॅम पावडर. ती बादलीत कालवायची, दहा मिनिटं गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी विहिरीत सोडून बादलीने ढवळायचं. तासभर कुणी शेंदायचं नाही. पिशवीचं तोंड उघडं राहिलं तर क्लोरीन उडून जातो आणि उरतो नुसता चुना; गढूळ पाण्यातही क्लोरीन मातीतच खर्ची पडतो. म्हणून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते पाहणारी तपासणी, टाकीखाली करून भागत नाही, गावातल्या शेवटच्या नळावर करायची. तिथं पिवळा रंग आला नाही, तर पुन्हा पावडर.